विश्लेषण : बाप्तिस्म्याने मोडलेला संसार पुन्हा कसा उभा राहिला? रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट

१८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचे घर एका दिवसात दुभंगले. पुढे त्याच घरात दोन चुली पेटल्या, मग एक झाली. श्रद्धेने माणूस बदलतो म्हणजे नेमके काय बदलते, आणि काय तसेच राहते?

रेव्हरंड टिळक म्हटले की बहुतेकांना शाळेतली कविता आठवते. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेली पक्षीण, घरट्यात वाट पाहणारी पिल्ले, आणि ती कविता वाचताना वर्गात पसरणारी शांतता. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांनी पक्की केली. पण त्यांच्या आयुष्यातली सर्वात अवघड गोष्ट कवितेत नाही. ती त्यांच्या स्वयंपाकघरात घडली आणि ती जगापुढे आणली त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाई टिळकांनी, ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून.

इथे एक नेहमीचा गोंधळ आधी दूर करायला हवा. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. आडनाव एक, मूळ जिल्हा रत्नागिरी, दोघेही चित्पावन आणि काळही साधारण तोच. त्यामुळे घोळ होतो. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, रेव्हरंड टिळकांचा ६ डिसेंबर १८६१ चा, करजगावचा. एकाने देशाचे राजकारण हलवले. दुसऱ्याने जे हलवले ते मोजायला सोपे नाही.

घर सोडलेला मुलगा

नारायणाचे वडील वामनराव अतिशय तापट. आई जानकीबाई मात्र मृदू स्वभावाच्या, कवितेची ओढ असलेल्या. आई गेली तेव्हा नारायण लहान होता. त्यानंतर त्याचे घरात मन रमले नाही आणि तो बाहेर पडला. नाशिकला येऊन त्याने जमेल तसे शिक्षण घेतले. संस्कृत शिकला ते गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे. बुद्धी तल्लख, वक्तृत्व उत्तम, कविता हुकमी. स्थैर्य मात्र नावाला नाही.

हा शब्द जपून वापरला आहे. कारण टिळकांचे पुढचे पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य म्हणजे गावांची यादी आहे. कुठे शिक्षकी, कुठे पुराण-कीर्तन, कुठे छापखाना, कुठे एखाद्या धनिकाच्या आश्रयाने ग्रंथांचे काम. नोकरी लागायची आणि सुटायची. मनात आले की ते उठून चालू लागत, घरी सांगायचे राहून जाई. हातात पैसा टिकत नसे. समोर कुणी गरजू दिसला की आपल्या घरात उद्या काय शिजणार हा प्रश्न त्यांना पडत नसे. राग आला तर भडका, आणि थोड्याच वेळात पश्चात्ताप.

अशा माणसाशी जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूचे लग्न झाले. ती जेमतेम अकरा वर्षांची, तो अठरा-एकोणीस वर्षांचा. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली.

सोवळे म्हणजे किती सोवळे?

पुढचे समजण्यासाठी लक्ष्मीबाईंचे माहेर समजून घ्यावे लागते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोळावर मोठे संकट कोसळले. त्यानंतर वडिलांना सोवळ्याचे अक्षरशः वेड लागले. बाहेरून आलेले धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत ते गेले. मीठ धुतल्यावर काय उरते हे वेगळे सांगायला नको. कुणाची सावली, कुणाचा स्पर्श, कुणाच्या हातचे पाणी, या प्रश्नांभोवती त्या घराचा दिवस फिरत असे.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत. टिळकांनी त्यांना घरी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न केले, पण शिकवणारा तापट आणि शिकणारी विनोदी, त्यामुळे धडे भांडणात संपत. तरी या भांडकुदळ संसारात जिव्हाळा होता. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या विक्षिप्तपणाचे किस्से हसत हसत लिहिले आहेत, आणि त्या हसण्याच्या आत किती सोसणे होते ते वाचकाला उशिरा कळते.

रेल्वेच्या डब्यात काय घडले?

नागपूरच्या मुक्कामात टिळकांच्या डोक्यात धर्माचा विचार जोरात सुरू होता. जातिभेद त्यांना आधीच पटेनासा झाला होता. देशाची उन्नती हवी तर माणसामाणसांतल्या भिंती पडायला हव्यात, आणि त्या पाडणारा धर्म हवा, असे त्यांचे मत बनले होते. असा धर्म आपणच का मांडू नये, इथपर्यंत ते पोहोचले होते.

त्याच सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. राजनांदगाव तेव्हा संस्थान होते, आज छत्तीसगडमध्ये आहे. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर आले. उतरण्याआधी त्याने टिळकांना बायबलचा नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पुस्तक मात्र वाचायचे त्यांनी कबूल केले होते.

महत्त्वाच्या ओळींवर पेन्सिलने खुणा करत ते अभ्यासकासारखे वाचू लागले. मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय आला आणि तिथे ते अडकले. येशूचे डोंगरावरचे प्रवचन पाचव्यापासून सातव्या अध्यायापर्यंत चालते. शत्रूवरही प्रेम करावे, दान आणि प्रार्थना लोकांना दाखवण्यासाठी करू नये, दुसऱ्याचा न्याय करायला बसण्याआधी स्वतःकडे पाहावे, अशी त्यातली शिकवण आहे. तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट त्यात नाही, नेमके कसे वागायचे ते आहे. वर्षानुवर्षे जे प्रश्न घेऊन ते भटकत होते त्यांची उत्तरे इथे आहेत, असे त्यांना वाटले.

यात एक बारकावा आहे. टिळक ख्रिस्ती धर्माकडे आले ते मराठी संतांना सोडून नव्हे. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल ठरला, अशी त्यांची भावना होती आणि ती अखेरपर्यंत टिकली. पुढे त्यांनी जी ख्रिस्ती भजने लिहिली त्यांतला ख्रिस्त कधी माउली आहे, कधी गुरू. पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवलेली गाणी म्हणणाऱ्या मंडळींना त्यांनी अभंग आणि कीर्तन दिले. मराठी चर्चमध्ये आजही गायल्या जाणाऱ्या गीतांत टिळकांचा वाटा मोठा आहे.

१० फेब्रुवारी १८९५

या दिवशी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. मुलगा दत्तू, म्हणजे पुढचे लेखक-संपादक देवदत्त टिळक, तेव्हा चार वर्षांच्या आसपासचा. बातमी नंतर घरी पोहोचली.

तेव्हाच्या ब्राह्मण समाजात या बातमीचा अर्थ काय होता? माणूस जातीबाहेर गेला, म्हणजे नात्याबाहेर गेला. पंगत, पाणी, सोयरिक, अंत्यसंस्कार, सगळे दोर तुटले. जिवंत माणसाच्या नावाने घट फोडून त्याला मेलेला ठरवण्याची चाल समाजात होती. त्याच्या बायकोचे स्थान तर कुठल्याच चौकटीत बसत नसे. नवरा जिवंत, म्हणून ती विधवा नाही. नवरा धर्मबाह्य, म्हणून तिला संसार नाही. कुंकू आहे, घर नाही.

वातावरणही तापलेले होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता आणि पुण्यात त्यांच्या शारदा सदनावरून मोठे वादळ उठून जेमतेम दोन वर्षे झाली होती. अशा वेळी आणखी एक विद्वान ब्राह्मण ख्रिस्ती होतो, तोही कवी, ही साधी गोष्ट नव्हती.

लक्ष्मीबाईंची अवस्था वेड लागण्याच्या बेतात आली. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले. नाशिक आणि पंढरपूर इथे माहेरच्या माणसांच्या आधाराने त्यांचे दिवस गेले. याच काळात, धड लिहिताही न येणाऱ्या या बाईने दुःख कवितेत ओतायला सुरुवात केली.

कायद्याचा रस्ता होता, तो त्यांनी धरला नाही

हा भाग सहसा सांगितला जात नाही, पण गोष्टीचे वजन त्यामुळे कळते. ब्रिटिश अमलात १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क शाबूत ठेवला होता. १८६६ मध्ये आणखी एक कायदा आला. हिंदू माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने त्याच्या पत्नीने सहा महिने त्याच्यासोबत राहायला नकार दिला, तर तो न्यायालयात दाद मागू शकत असे. न्यायालय पत्नीला विचारणार, विचार करायला वर्षभराची मुदत देणार, आणि तरीही तिचा नकार कायम राहिला तर विवाह रद्द होऊ शकत असे. त्यानंतर दोघेही पुन्हा लग्नाला मोकळे. धर्मांतरित पत्नीलाही हाच मार्ग खुला होता.

म्हणजे टिळकांसाठी कायद्याचा रस्ता होता. काही वर्षांत ते ख्रिस्ती समाजात नवा संसार थाटू शकले असते. त्यांनी विवाह मोडला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. त्यांच्या येण्याने सासुरवाडीची माणसे धास्तावत, मुलाला उचलून नेतील अशी भीती असे. पण येणे थांबले नाही. एरवी एका जागी चार महिने न टिकणारा हा माणूस या एका बाबतीत वर्षानुवर्षे टिकून राहिला. टिळकांमध्ये काय बदल झाला असे विचारले तर बाप्तिस्म्याच्या तारखेपेक्षा या टिकून राहण्याकडे बोट दाखवावे लागते.

एक घर, दोन चुली

दरम्यान टिळक तेव्हाच्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले होते. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवत. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे आल्या. आल्या त्या हिंदू म्हणूनच, स्वतःच्या अटींवर.

अट अशी की सोवळे मोडणार नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, भांडी वेगळी. नवऱ्याने त्यांच्या स्वयंपाकात शिवायचे नाही. मिशनच्या आवारात, ख्रिस्ती शेजाराच्या मध्यभागी, एका ब्राह्मण बाईची चूल आपले सोवळे सांभाळत पेटत होती. कल्पना करायलाही अवघड असे दृश्य आहे. नवरा मंडळीत प्रवचन देऊन घरी येतो आणि बायकोच्या चुलीपासून हातभर लांब बसतो.

टिळकांनी ही अट पाळली. त्यांचा स्वभाव पाहता हे सोपे नव्हते. वाद झाले असतीलच, या दोघांचा एक दिवस वादाशिवाय जात नसे. पण धर्म बदलण्याची सक्ती त्यांनी केली नाही. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा धर्म, असे मानणारा तो काळ होता. टिळकांनी तो आधार घेतला असता तर समाजानेच काय, मिशनमधल्या अनेकांनीही त्यात गैर मानले नसते.

यापुढचा बदल लक्ष्मीबाईंचा आहे. तो त्यांनी स्वतः केला, त्याचे श्रेय दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

जात आधी गेली, धर्म नंतर आला

राहुरीच्या दिवसांत लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न घोळू लागला. जाती कुणी केल्या? देवाने केल्या असत्या तर त्याने काही खूण ठेवली असती. प्राण्यांमध्ये वेगवेगळ्या जाती आहेत आणि त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत तशी खूण कुठे आहे? मग हे भेद माणसाने केले, देवाने नव्हे. कुणाचे प्रवचन ऐकून त्या इथे आल्या नाहीत. स्वतःच्या डोक्याने, एखादा हिशेब तपासावा तसा त्यांनी हा प्रश्न तपासला. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी शेवटी या उत्तराशी येऊन थांबली.

मग त्यांनी अर्ध्यावर काही ठेवले नाही. पटले त्या क्षणापासून कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले आणि तसे वागायला सुरुवात केली. ख्रिस्तावरची श्रद्धा यानंतरची. ती हळूहळू आली, नवऱ्याकडे पाहत, आजूबाजूच्या माणसांकडे पाहत. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती.

दोघांचे मार्ग असे उलट आहेत. टिळक पुस्तकातून श्रद्धेकडे गेले आणि घर मागे राहिले. लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून, पाण्याच्या घागरीतून निघाल्या आणि श्रद्धेपाशी पोहोचल्या. टिळकांचे धर्मांतर इतिहासाच्या पुस्तकांत जास्त जागा घेते. पण दोन्हींतले कठीण कुठले, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर लक्ष्मीबाईंच्या बाजूने द्यावेसे वाटते. टिळकांना जात आधीच नकोशी झाली होती. लक्ष्मीबाईंना ती श्वासासारखी होती.

घराचे दार मग बंद झालेच नाही

१८९९-१९०० हा महाराष्ट्रात भीषण दुष्काळाचा काळ. त्याच्या आगेमागे प्लेगच्या साथी. नगर जिल्ह्याने दोन्ही भोगले. मिशनकडे पोरक्या मुलांची रीघ लागली होती. टिळकांच्या घरात मुले येऊ लागली, आणि येतच राहिली. कुणी आईबापाविना, कुणी शिकायला आलेले, कुणी नुसतेच टिळकांनी रस्त्यावरून आणलेले. आणायचे टिळकांनी, निस्तरायचे लक्ष्मीबाईंनी, ही वाटणी शेवटपर्यंत कायम होती. प्लेगच्या दिवसांत रुग्णांच्या सेवेतही या बाई उतरल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना परक्याचा स्पर्श चालत नव्हता, त्या आता जे हात आजूबाजूचे लोक भीतीने टाळत होते तेच हातात घेत होत्या.

या घरात आलेल्या मुलांमधला सर्वात प्रसिद्ध म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. तिथे सतरा वर्षांच्या ठोमरेने सर्वांना थक्क केले आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. टिळकांना या मुलाचे विलक्षण कौतुक. त्यांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले. तिथे तो घरच्या मुलासारखा राहिला, लक्ष्मीबाईंशी भांडला, रुसला, खोड्या केल्या, जेवला.

बालकवी हिंदूच राहिले. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात वाढत असताना त्यांना कुणी ख्रिस्ती केले नाही. टिळकांच्या श्रद्धेबद्दल तेव्हाही शंका घेणारे होते आणि आजही आहेत. धर्मांतर या शब्दाभोवती संशय असतो, तो समजण्यासारखा आहे. त्या संशयाला बालकवींचे उदाहरण थेट उत्तर देत नाही, पण ते विसरूनही चालत नाही. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले तेव्हा या घरातलाच मुलगा गेला होता.

मग टिळकांचा स्वभाव बदलला का?

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर फारसा नाही. ‘स्मृतिचित्रे’ची मोठी ताकद हीच की त्यात संत टिळक सापडत नाहीत. बाप्तिस्म्यानंतरही ते तापटच होते. घरखर्चाचे पैसे अजूनही वाटेत कुणाच्या तरी हातात पडत. बाजारात एका कामासाठी गेलेला माणूस भलतेच काहीतरी घेऊन परतत असे. लक्ष्मीबाई चिडत, टोमणा मारत, मग त्यावर हसत.

बदलले ते नात्याचे स्वरूप. सुरुवातीच्या संसारात टिळक निघून जात आणि लक्ष्मीबाई वाट पाहत. उत्तरार्धात लक्ष्मीबाईंना त्यांच्या बरोबरीची जागा आहे. त्या वाद घालतात, निर्णय घेतात, कविता लिहितात, आणि टिळक त्यांच्या कवितेचे कौतुक करतात. नवरा चुकला तर तो चुकला असे त्या म्हणू शकतात आणि तो ऐकून घेतो. १८८० मध्ये सुरू झालेल्या मराठी संसारासाठी ही लहान गोष्ट नाही.

मिशनशीही पटले नाही

१९०४ मध्ये टिळकांना रीतसर धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेले हे मराठीतले अत्यंत जुने नियतकालिक. बाहेरून पाहता गाडी रुळावर आली होती.

आत खदखद होती. टिळकांना देशाचा विलक्षण अभिमान होता. ख्रिस्ती झालो म्हणजे इंग्रज झालो, हे त्यांना मान्य नव्हते. भारतातले चर्च परदेशी पैशावर आणि परदेशी माणसांच्या हुकमावर चालते, तोवर ते भारतीय लोकांचे होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. काही मिशनऱ्यांशी त्यांचे घट्ट प्रेम होते, पण व्यवस्थेवर ते टीका करत राहिले. हिंदू समाजाने त्यांना परका मानले होते, आणि आता ख्रिस्ती संस्थेतही त्यांचा पाय पूर्ण रुजत नव्हता.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न, प्रकृती खालावलेली, घरात माणसे भरपूर. संन्यासी वृत्तीने राहायचे ठरवून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना धाडसी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त इथे एकत्र येतील. कुणी आपला समाज सोडायची गरज नाही. जो ख्रिस्तावर प्रेम करतो तो या दरबारातला.

बावीस वर्षांपूर्वी ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी घर पणाला लावले, त्या बाप्तिस्म्याची अट ते आता दारातून काढून टाकत होते. यात विसंगती दिसते. पण घरातल्या त्या दोन चुलींचा काळ आठवला तर कदाचित दिसणार नाही. प्रेम आधी आणि शिक्का नंतर, किंवा शिक्का नाहीच, हे त्यांनी आपल्या संसारात पाहिलेले होते. अर्थात हा आपला तर्क झाला.

दरबार मोठा होण्याआधी शरीर थकले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

अर्धवट राहिलेले काव्य कुणी पूर्ण केले?

टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. रामायणाच्या धर्तीवर, ओवीत, ख्रिस्ताचे चरित्र. मराठी मातीत ही परंपरा जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते. टिळकांच्या हातून ‘ख्रिस्तायन’चे दहा-अकरा अध्याय झाले आणि काम थांबले.

ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने साठाहून अधिक अध्याय लिहिले. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी पूर्ण केला आणि लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर ग्रंथ प्रसिद्ध झाला. एक काव्य, तीन हात, आणि तिघांपैकी दोघे असे की १८९५ मध्ये त्या ख्रिस्तामुळेच आपले घर मोडले असे त्यांना वाटले असणार.

टिळकांनंतरचे दिवस लक्ष्मीबाईंना सोपे नव्हते. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी नोकरी केली. काही काळ त्या कराचीला राहिल्या. पुढे मुलाने वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या. त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि चरित्राऐवजी वेगळेच काहीतरी तयार झाले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. भाषा बोलण्यासारखी, विनोद स्वतःवर, तक्रार जवळजवळ नाही. मराठी आत्मचरित्रांची यादी कुणीही केली तरी हे पुस्तक वरच्या ओळीत असते. विजया मेहता यांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. इंग्रजीत त्याची भाषांतरे झाली, त्यांतले शांता गोखले यांचे २०१७ मधले.

पुस्तक टिळकांवर लिहायला घेतले होते, म्हणून त्यांच्या निधनाशी ते संपायला हवे होते. ते संपत नाही. चौथा भाग टिळक नसलेल्या घराचा आहे. त्यात मुले आहेत, पैशाची ओढाताण आहे, कराचीचा प्रवास आहे, आणि एकट्या बाईने रेटलेला पसारा आहे. तो भाग पूर्ण होण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये लक्ष्मीबाई गेल्या. जलालपूर तिथून काही मैलांवर.